कोलोनला वन्स मोअर मिळाला नाही

आमच्या लाडक्या इंग्रजी बँडचा युरोपचा अख्खा दौरा आम्ही चौघांनी मिळून पाहिला, असं मी आजही सांगते, आणि ऐकणारा माझ्याकडे जरा आदराने बघतो. मग मी सांगते की पाहिला म्हणजे समर्थनगरात, आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत, सतरंजीवर बसून, कॅसेटवर. तिथे आदर ओसरतो. तो का ओसरावा हे मला अजून समजलेलं नाही. दौरा काय एकट्या बँडनेच केला? गाडीचे धक्के सोडले तर आम्हीही तेवढेच दमलो होतो.

चौघांत एक माझा भाऊ. तो बी.कॉम. करत होता आणि घाईत नव्हता. दुसरा त्याचा मित्र, ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा म्हणून आम्ही त्याला प्राध्यापक म्हणायचो. कोणत्याही गाण्याचा अर्थ लावल्याशिवाय त्याला पाणी गोड लागत नसे. तिसरा कन्नड तालुक्यातला, घरी ऊस, स्वतः डिप्लोमा करून वाळूजच्या कंपनीत मशीनवर. तो आमच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन राहायचा. त्याला सगळे कन्नडचा म्हणायचे. चौथी मी. घरात माझ्यासाठी स्थळं बघत होते आणि मी कॅसेटची वाट बघत होते.

भावाची हॉलंडमधल्या एका माणसाशी पत्रमैत्री होती. हा सद्गृहस्थ बँडच्या मागे गावोगाव फिरायचा आणि कोटाच्या खिशात टेपरेकॉर्डर लपवून कार्यक्रम टिपायचा. ती कॅसेट आधी पुण्याला एका ओळखीच्याकडे यायची, तिथून आमच्याकडे, आणि आठवड्यात परत करावी लागायची. म्हणून तिची कॉपी काढायची. डबल डेकचा टेप अख्ख्या गल्लीत एकच, आमच्या वडिलांचा, आणि त्याला हात फक्त वडिलांचा. ते दार लावून घ्यायचे, दुपारभर कॉपी करायचे आणि संध्याकाळी गरम पोळीसारखी ती आमच्या हातात ठेवायचे.

वडील ट्रेझरीतून निवृत्त झाले होते. निजामाच्या अमलात उर्दूतून शिकलेले, पण जीव सगळा नाट्यसंगीतात. पोलीस अ‍ॅक्शननंतर पुण्या-मुंबईच्या नाटक कंपन्या इकडे मोकळेपणाने यायला लागल्या आणि वडिलांनी आयुष्यातलं बहुतेक सगळं ओरडणं त्याच वर्षांत उरकून घेतलं. एका पदाला लागोपाठ तीन वन्स मोअर घेतल्याचं ते सांगायचे. नटाला खोकला झाला होता, तरी घेतले. वन्स मोअर नाकारणारा गवई म्हणजे पंगतीत मागूनही भात न वाढणारा यजमान, असं त्यांचं मत होतं. आमच्या बँडच्या ढोलवाल्याला ते लोहार म्हणायचे, पण त्या बँडचं एक संथ गाणं मात्र त्यांना मनापासून आवडायचं. आतून पायाने ताल धरल्याचा आवाज यायचा.

ऐकायची आमची एक शिस्त होती. टेपकडे तोंड करून बसायचं, मधे उठायचं नाही, गाणं संपलं की टाळ्या वाजवायच्या. आईने मिक्सर लावायचा नाही. भिंतीवर शाळेतला युरोपचा नकाशा होता. बँडने जिथे कार्यक्रम केला त्या गावावर माझ्या पाकिटातली एक टिकली लावायची. आणि जिथे त्या संथ गाण्याला वन्स मोअर मिळाला तिथे दोन. माझ्या कपाळाला पुढे टिकल्या उरल्या नाहीत, पण नकाशा कसा सवाष्णीसारखा दिसायचा.

कारण वन्स मोअर सगळीकडेच मिळायचा. कार्यक्रमाच्या शेवटाकडे ते गाणं यायचं, लोक बेभान ओरडायचे, आणि तो गायक ते सबंध गाणं पहिल्यापासून पुन्हा म्हणायचा. रॉटरडॅमला म्हटलं, ब्रुसेल्सला म्हटलं, कोपनहेगनला म्हटलं. आमच्या चर्चा निम्म्या दौऱ्याच्या आखणीवर असायच्या. ब्रुसेल्सहून इतक्या वर जाऊन पुन्हा खाली यायचं म्हणजे काय, ह्यांना एस.टी.चा एखादा कंट्रोलर द्यायला पाहिजे, असं कन्नडचा कळवळून म्हणायचा. रॉटरडॅमचे लोक आमच्या मते पैठणच्या लोकांसारखे होते, एकदा बसले की न उठणारे. पण उरलेल्या निम्म्या चर्चा त्या दुसऱ्या वेळच्या गाण्यावर व्हायच्या.

प्राध्यापकाचं म्हणणं असं, की पहिल्या वेळी तो लोकांसाठी गातो आणि दुसऱ्या वेळी स्वतःसाठी. भावाला दुसऱ्या वेळी गिटार कमी बोलते असं ऐकू यायचं. मला दुसऱ्या वेळी तिसऱ्या ओळीआधी एक खोल श्वास ऐकू यायचा, जो पहिल्या वेळी नव्हता. मी त्याची शपथ घेतली असती. एकदा त्या श्वासावरून प्राध्यापकाशी इतकं भांडले की तो चार दिवस आला नाही. असं दुसऱ्या वेळेचं गुणगान सुरू झालं की वडील खुशीत बाहेर यायचे आणि विचारायचे, “कुठे खटका लागत नाही ना?” आम्ही म्हणायचो, अजिबात नाही, झकास आलंय. ते समाधानाने आत जायचे.

मग कन्नडच्याला कंपनीने एका मशीनच्या ट्रेनिंगसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं. कोलोनपासून जवळच्या गावात. आणि बँड त्याच दिवसांत कोलोनला. आमच्या घरात जी गडबड उडाली ती पुढे माझ्या लग्नातही उडाली नाही. तो चौघांच्या वतीने जाणार होता, आणि हे ओझं त्याने फार मनावर घेतलं. प्राध्यापकाने त्याला दोन वेळांमधला फरक कसा ओळखायचा ते शिकवलं. मी त्याला तिसऱ्या ओळीआधीचा श्वास बघून यायला सांगितलं. निघताना वडिलांच्या पाया पडला तेव्हा वडील म्हणाले, “वन्स मोअर पोटातून माग. लाजू नकोस. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.”

तो परत आला तेव्हा चॉकलेटं आणली होती आणि तोंड उतरलेलं होतं. सतरंजीवर बसून त्याने सगळं सांगितलं. पुढे एक ताडमाड जर्मन उभा होता, त्याच्या काखेतून जेवढा दिसला तेवढा बँड पाहिला. ते गाणं आलं. गाणं संपलं. लोक ओरडले. हाही पोटातून ओरडला, वन्स मोअर. शेजारच्याने विचारलं काय म्हणतोस, ह्याने हातवारे करून समजावलं, तर तो शेजारी आणि त्याच्या पलीकडची बाईसुद्धा वन्स मोअर म्हणून ओरडायला लागली. सबंध रांग ओरडली. आणि बँडने पुढचंच गाणं सुरू केलं.

“आपल्याला नाय दिलं,” तो म्हणाला.

खोलीत सुतक पडलं. भावाने उठून कोलोनवर एकच टिकली लावली. शेजारच्या ब्रुसेल्सवर दोन, वर कोपनहेगनवर दोन, आणि मधे हे असं. प्राध्यापक म्हणाला की कार्यक्रम शेवटी ऐकणाऱ्यावर असतो, कोलोन थंड पडलं असणार. कन्नडच्याने मान डोलावली. वडील आतल्या दारात उभे राहून ऐकत होते. काहीतरी बोलायला आले होते असं वाटलं, पण तसेच आत गेले.

त्यानंतर तो विषय थट्टेचा झाला. लाइट गेली की भाऊ म्हणायचा, कन्नडचा आलाय का बघा. मॅचमधे विकेट पडली की कन्नडच्याला रेडिओपासून उठवायचे. तो पहिल्यांदा हसला. मग यायचा तेव्हा दाराजवळ बसायला लागला. मग येणंच कमी झालं. एकदा क्रांती चौकात वाळूजच्या बसची वाट बघताना भेटला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि त्याने एकदम विचारलं, “ताई, मी तिथं गेलो नसतो तर दिलं असतं का वो त्यांनी?” मी त्याला झापलं. शिकलेला माणूस असा विचार करतो का, वगैरे. पण बस आली, तो चढला, आणि मला वाईट वाटत राहिलं, कारण माझं झापणंही मला पुरतं पटलेलं नव्हतं. सगळ्या युरोपला दिलं आणि नेमकं ह्यालाच नाही, याला दुसरं कारण मला तरी सुचत नव्हतं.

काही महिन्यांनी पुण्याहून कॅसेट आली, कोलोनची. हॉलंडचा सद्गृहस्थ त्या रात्रीही कोट घालून हजर होता तर. वडिलांनी कॉपी काढली. ह्या वेळी दोन दुपारी घेतल्या. कन्नडचा यायला तयार नव्हता, त्याला मी स्वतः जाऊन ओढून आणलं. आम्ही बसलो. तो दाराशी.

गाणं आलं, संपलं, लोक ओरडले. आणि त्या जर्मन गोंगाटात, अगदी टेपच्या कानाशी, कन्नड तालुक्याच्या खणखणीत आवाजात ऐकू आलं, “वन्स मोऽऽर!”

आम्ही उडालोच. सद्गृहस्थ ह्याच्या हातभर अंतरावर उभा असणार. भाऊ त्याच्या पाठीत धपाटे घालायला लागला. पाठोपाठ त्या बाईचा आवाज आला, मग सबंध रांगेचा. आणि मग ते गाणं पहिल्यापासून पुन्हा सुरू झालं.

भावाचा धपाटा हवेतच राहिला. गाणं पूर्ण झालं. श्वाससुद्धा मला ऐकू आला, तिसऱ्या ओळीआधी.

“नाय,” कन्नडचा म्हणाला. “असं झालं नाय.”

प्राध्यापकाने त्याला शांतपणे विचारलं, आवाज तुझाच ना? माझाच. तू मागितलंस ना? मागितलं. मग पुढे दिलेलं ऐकू येतंय ना? येतंय. प्राध्यापकाने हात पसरले. त्याचा निष्कर्ष असा, की माणूस तिथे होता, त्याने मागितलं, त्याला मिळालं आणि त्याला ते कळलंच नाही. भावाने विचारलं, बिअर किती घेतली होतीस. त्याने संत्र्याचा रस घेतला होता. त्याने आईची शपथ घेतली. भाऊ म्हणाला, मग तू झोपला होतास. उभ्याउभ्या, त्या गोंगाटात.

थट्टा करायला मीही तोंड उघडलं होतं, पण त्याचा चेहरा बघितला आणि मिटलं. घाबरला होता तो. कपाळाला हात लावून बसला होता. मशीनवर काम करतो, तो म्हणाला, तिथं असं झालं तर हात जाईल माझा. डॉक्टरला दाखवून घेतो. आणि उठून दारात चपला शोधायला लागला.

तेव्हा वडील बाहेर आले.

“बस,” ते त्याला म्हणाले. “तुझे कान शाबूत आहेत. दुसऱ्यांदा मी लावलंय.”

आम्हाला समजेना. त्यांनी आधी कॅसेट थांबवली, मग चष्मा पुसला आणि सांगितलं. लोक गळा फाडून मागतात आणि हा माणूस पुढच्या गाण्याला हात घालतो, ही काय तमीज झाली? पहिल्याच कॅसेटला त्यांना ते बघवलं नाही. त्यांनी मूळ कॅसेट मागे घेतली आणि तेच गाणं पुन्हा भरलं. मग सवयच लागली. रॉटरडॅमला दिलं, ब्रुसेल्सला दिलं. कुणाला उपाशी ठेवलं नाही.

“तुम्हाला माहीत आहे असं मला वाटलं,” ते म्हणाले. “तुम्ही रोज दुसऱ्या वेळची तारीफ करत होतात. मी समजलो, माझी चाललीय.”

प्राध्यापक इतके महिने दुसऱ्या वेळेवर बोलला होता. तो क्षीण आवाजात म्हणाला, “पण काका, दुसऱ्या वेळी तो आतून थकलेला वाटतो.”

“बेल्ट सैल झालाय त्या डेकचा,” वडील म्हणाले.

मी त्या श्वासाबद्दल विचारणार होते, पण विचारलं नाही. तो मला आजही ऐकू येतो, त्याला माझा इलाज नाही.

कन्नडचा एका पायात चप्पल घालून उभा होता. त्याने सावकाश विचारलं, “म्हंजी काका, कुणालाच दिलं नव्हतं?”

“कुणालाच नाही.”

“रॉटरडॅमला बी नाय?”

“नाही रे.”

“ब्रुसेल्सला?”

वडिलांनी मान हलवली. तो तिथेच उंबऱ्यावर बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने शर्टाच्या बाहीला पुसलं, तरी येत राहिलं. आई पाणी घेऊन आली. त्याने तांब्या हातात धरला, पण प्यायला नाही. त्याला अजून एक गोष्ट समजत नव्हती. तो वडिलांना म्हणाला, मी परत येऊन सांगितलं होतं की आपल्याला नाय दिलं, ते तुम्ही ऐकलं होतं. मग कोलोनला तरी कशाला लावलंत?

वडील अवघडले. कॅसेट हातात घेऊन उगाच तिच्याकडे बघत राहिले.

“तसंच ठेवणार होतो,” ते म्हणाले. “पण तुझा आवाज आला ना. इतक्या लांब जाऊन तू मागत होतास.”