फारमबाईंचं अर्धं वाक्य

फारमबाई सही मागायच्या नाहीत, आधी परीक्षा घ्यायच्या. सांगलीतल्या एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रे खोलीला लागून त्यांचं टेबल होतं. नव्या औषधाच्या चाचणीला बसू बघणाऱ्या पेशंटला संमतीच्या फारमातलं सगळं पाऊण तास समजावायचं, आणि त्यानं सहीसाठी पेन उचललं की पेनावर हात ठेवायचा. "थांबा. आता तुमी मला सांगा, म्या काय सांगितलं?"

माणूस गडबडायचा. "औषध चांगलं हाय म्हनला की तुमी."

"असं म्हनले न्हाई म्या. नापास. घरला जावा, घरच्यांशी बोला, मंगळवारी परत या."

नापास झालेले बाहेर बाकावर येऊन एकमेकांना सांगायचे, पोलीस भरतीला एवढं इचारत न्हाईत. फारमबाई हे नाव त्या बाकावरच पडलं. त्यांचं खरं नाव लिहिण्याचा हक्क मी घालवलाय. कसा, तेच सांगायचंय.

पेनावर ठेवलेल्या त्या हाताचं आधी सांगते. बोटं मुळापासून करंगळीकडे कललेली, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेल्या ज्वारीच्या ताटांसारखी. ज्या संधिवाताच्या औषधाची चाचणी त्या चालवत होत्या, तोच त्यांना होता. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून अख्खी नोकरी करून त्या कवठे महांकाळला घरी बसल्या होत्या, तिथून कंपनीनं त्यांना बोलावून घेतलं. पण कंपनीच्या माणसाला कंपनीच्या चाचणीत बसता येत नाही. औषध पास होऊन दुकानात आलं तरच ते त्यांच्या हातांना मिळणार होतं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "वाढपी पंगतीत बसत न्हाई."

कंपनी साताऱ्याची. वडूजकडच्या एका घरातला मुलगा परदेशात शिकून परत आला आणि औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या दोन खोल्यांत त्यानं प्रयोगशाळा मांडली. सगळे त्याला साहेब म्हणायचे. शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, तो संधिवात त्याला आवरायचा होता. आता 'रोगप्रतिकारशक्ती' हा शब्द कुणाला सांगून बघा. बाईंनी तो बाजूलाच ठेवला. आपल्याकडं घरटी एक माणूस फौजेत, म्हणून त्या सांगायच्या, "जवान तुमचाच हाय, पन त्याला भरम झालाय. आपल्याच चौकीवर गोळ्या झाडतोय. ह्ये औषध त्याची बंदूक खाली करतं. पन बंदूक खाली झाली की चोराला रान मोकळं. म्हनून ताप आला की तासाभरात मला फोन करायचा."

एकदा एका निवृत्त सुभेदारानं विचारलं, "असल्या जवानाचं कोर्टमार्शलच का करत न्हाई?"

"त्याला काढल्यावर चौकी कोन राखंल, आबा? तुमी?"

डॉक्टर सुजलेले सांधे मोजायचे. बाई त्याच कागदाच्या समासात पेन्सिलीनं आपलं काहीतरी लिहायच्या. धार काढता येते. कुकरचं झाकण लागतं. नातीची वेणी घातली. साहेबांना याचं हसू यायचं. पुढं तेच साताऱ्याहून फोन करून विचारायला लागले, "बाई, समासात काय आहे या आठवड्यात?"

कंपनीचं पहिलं औषध सपशेल नापास झालं. साहेबांनी सगळ्यांना छापील पत्र पाठवायचं ठरवलं. बाईंनी पत्रं ठेवून घेतली आणि एकेकाला बोलावून तोंडानं सांगितलं, "जमलं न्हाई. तुमी तुमचं काम केलं, औषधानं त्याचं केलं न्हाई." शिव्या खाल्ल्या, चहाही प्यायल्या. दुसऱ्या औषधाच्या वेळी तीच माणसं परत आली, ती साहेबांच्या नावावर आली नव्हती.

दुसरं औषध लहान चाचणीत चांगलं निघालं, आणि कंपनीचे दिवस पालटले. परदेशी भागीदार आला, नवी इमारत उभी राहिली, साहेबांना फेटा बांधून मिरवलं. साताऱ्याच्या स्टँडसमोर फलक लागला: 'आता सांधे कुरकुरणार नाहीत'. मोठी चाचणी अजून व्हायची होती. बाईंनी साहेबांना सगळ्यांदेखत सुनावलं, "औषध आत्ता कुठं परीक्षेला बसलंय आणि तुमी पेढे वाटाय लागलाय." फलक महिनाभर तसाच राहिला. मला संताप आला तो त्या फलकाचा, आणि त्या संतापाची मला आजही लाज वाटत नाही. लाज वाटते ती पुढच्याची.

मी आरोग्य हक्कांच्या एका संघटनेत काम करते. पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून शिकले की पत्रकाला मथळा हवा, मथळ्याला शत्रू हवा आणि मजकूर एका पानात बसायला हवा. मोठी चाचणी सुरू झाल्यावर म्हसवडजवळच्या हौसाकाकूंच्या मुलाचा फोन आला. काकू चाचणीत होत्या, आणि त्यांना न्यूमोनियानं रुग्णालयात ठेवलं होतं. मी वही घेऊन तडक सांगलीला, बाईंच्या टेबलासमोर जाऊन बसले.

मला वाटलं होतं, लपवतील, उडवाउडवी करतील. बाईंनी खुर्ची पुढं ओढली. "औषधानं झालं आसंल. नसंल बी. काकूंना कंची सुई हाय ते मला ठावं न्हाई, डॉक्टरला न्हाई, साहेबालाबी न्हाई. फोन त्यांनी येळेत केला म्हनून वाचल्या."

"कंची सुई म्हणजे?"

मग त्यांनी मला, सहीसाठी आलेल्या पेशंटसारखंच, सगळं सांगितलं. निम्म्यांना औषधाची सुई, तिला त्या बोलकी म्हणायच्या. निम्म्यांना नुसत्या पाण्यासारखी, तिचं नाव मुकी. दोघींत फरक पडतो का, हे बघितल्याशिवाय औषध खरं की मनाचा खेळ, ते कळत नाही. त्यांचं वाक्य वहीत जसंच्या तसं आहे: "निम्म्या मानसांना मुकी सुई मिळती, पन त्यांच्या जुन्या गोळ्या बंद करत न्हाई, आनि सहा म्हयन्यांनी समद्यांनाच बोलकी मिळती."

सांगून झाल्यावर त्यांनी सवयीनं विचारलं, "आता तू सांग पोरी, म्या काय सांगितलं?"

मी न अडखळता सांगितलं. "पास," त्या म्हणाल्या. "शिकल्याली हायस."

ते पत्रक मी घरी परत पोचायच्या आत, एसटीतच लिहिलं. मथळा आपोआप सुचला: 'मुकी सुई, मुकी माणसं'. त्याखाली ठळक अक्षरांत: 'निम्म्या माणसांना मुकी सुई मिळते — कंपनीच्याच बाईंची कबुली'. 'पण'च्या पुढचं मी कापलं. जागा नव्हती असं मी तेव्हा सोबतच्यांना सांगितलं. जागा होती. खाली संघटनेची घोषणा दोनदा छापली होती. पुढचं वाक्य घातलं असतं तर मथळा उभाच राहिला नसता, हे मला पेन हातात असतानाच कळत होतं. फलक लावणाऱ्या साहेबांना झोडायचं म्हणून मी बाईंचं वाक्य तोडलं.

पत्रक वडूजच्या बाजारात वाटलं, म्हसवडला वाटलं, मग मोबाईलवरून आमच्याही पुढं पळालं. त्या आठवड्यात बाक रिकामा दिसायला लागला. ज्यांचे सांधे दुखतच होते ते म्हणाले, आपल्याला पाणी टोचलं. ज्यांना आराम पडला होता त्यांना घरच्यांनी जाऊ दिलं नाही. बाईंनी घरोघर फोन केले. लोक म्हणायचे, "बाई, तुमीच म्हनलाय की. छापून आलंय."

चाचणीला माणसं पुरली नाहीत. परदेशी भागीदार निघून गेला. वर्षभरात साताऱ्यातली इमारत विकली गेली, आता तिथं स्ट्रॉबेरीचं शीतगृह आहे. औषध पास झालं असतं की नापास, ते कुणालाच कळलं नाही. मी कुणाचं पितळ उघडं पाडलं नव्हतं. परीक्षेचा वर्ग रिकामा केला होता.

शेवटी, कुणाला कोणती सुई होती याची तोवर बंद ठेवलेली यादी उघडली. हौसाकाकूंना मुकी सुई होती. म्हणजे न्यूमोनिया औषधानं झालाच नव्हता. माझ्या पत्रकानंतर त्यांच्या मुलानं त्यांचं नाव काढून घेतलं, तेव्हा सहा महिने भरायला थोडेच दिवस राहिले होते. पुढची सुई बोलकी होती. काकूंना आज म्हशीची धार काढता येत नाही. मुलगा काढतो. तो मला अजूनही 'ताई, तुम्ही वाचवलंत' म्हणतो, आणि खरं काय ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

मागच्या महिन्यात कवठे महांकाळला गेले. बाईंनी दार उघडलं नाही, आतून म्हणाल्या, "ढकल, उघडंच हाय." कप त्या दोन्ही मनगटांत धरून पीत होत्या. मी नवं पत्रक लिहून नेलं होतं. त्यात माझी चूक, माझं नाव, त्यांचं पूर्ण वाक्य. त्यांना ते हातात धरता येईना, म्हणून मी ते त्यांच्यासमोर धरून उभी राहिले. त्यांनी वाचलं. मथळा होता, 'आमचं चुकलं'.

"आमचं म्हंजी कुनाकुनाचं?"

मी पेन काढून 'माझं चुकलं' केलं.

"आता ह्ये वाचून कोन परत येनार हाय?" त्या म्हणाल्या. रागानं नाही, चौकशी केल्यासारखं. मी रडेन असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी खुर्चीकडं मान केली. "बस. आनि सांग मला. त्या दिवशी म्या काय सांगितलं?"

मी सांगितलं. निम्म्या माणसांना मुकी सुई मिळते, पण त्यांच्या जुन्या गोळ्या बंद करत नाहीत, आणि सहा महिन्यांनी सगळ्यांनाच बोलकी मिळते. एका दमात, एकही शब्द न गाळता.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "तवा बी येत हुतं की तुला."

त्यानंतर आम्ही द्राक्षांवर, पाण्यावर, त्यांच्या भाचीच्या लग्नावर बोललो. उठताना मी नवं पत्रक त्यांच्या उशाशी ठेवायला लागले. त्या म्हणाल्या, "हितं नगं. म्हसवडला घिऊन जा. काकूच्या पोराला वाचून दाखव. आनि मग त्याला इचार, म्या काय सांगितलं."

मी अजून गेलेले नाही. पत्रक पिशवीत आहे.