सगळ्या भिंतींवर एकच हात

वाकड्या अक्षरांची मला चीड होती. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीनं गावोगावच्या भिंती भरल्या होत्या, पण कशा? कुठं जागा पुरली नाही म्हणून शेवटचा 'र' कोपऱ्याआड गेलेला. कुठं गेरू एवढा पातळ, की घोषणा ओघळून नालीत उतरलेली. पारावर बसलेले लोक ती वाचून खदखदायचे. "आधी लिवाया शिका, मंग विद्यापीठाकडं बगा!" ही थट्टा माझ्या डोक्यात गेली. पत्रकं लिहिणारा माणूस मी. शिवी सहन करीन, पण अक्षरावरून टोमणा? अजिबात नाही.

म्हणून मी साचे कापले. तेलाचे रिकामे डबे फोडले, पत्रा ठोकून सपाट केला. अख्खी घोषणा कापण्यात अर्थ नव्हता. घोषणा बदलते, गाव बदलतं, मोर्चाची तारीख बदलते. मी सुटे भाग केले. एकेक अक्षर वेगळं, काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी. एकच काना कुठल्याही अक्षराला लागायचा. 'चलो', 'झालेच पाहिजे' असे नेहमीचे शब्द मात्र वरच्या रेघेसकट अखंड. सुट्या अक्षरांवरची रेघ सुतळी गेरूत भिजवून मारायची. ज्याला दोन यत्ताही झालेल्या नाहीत, त्यानंसुद्धा भाग जोडत जावं आणि भिंतीवर छापल्यासारखी ओळ उभी राहावी.

हे सगळं एका लोखंडी पेटीत. पेटी एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची, ती कधी मानवतला उतरायची, कधी देवगाव फाट्यावर, कधी पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरात. माझे नियम कडक. पत्रा धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून परत ठेवा. मनानं नवं अक्षर कापू नका. काही तुटलं तर मला कळवा, दुरुस्तीची जिम्मेदारी माझी.

थोड्याच दिवसांत जिल्हाभर एकच अक्षर दिसायला लागलं. मी एसटीच्या खिडकीतून भिंती वाचत जायचो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचो. एका सभेत तर बोललोही, "सगळा जिल्हा एका हातानं लिहितोय!" टाळ्या पडल्या.

'पाहिजे'मधला 'प' मात्र तुटला होता. 'प'च्या पोटातला पत्र्याचा तुकडा बाजूच्या पत्र्याला दोन बारीक पट्ट्यांनी धरलेला असतो. त्या गंजून गेल्या. पूर्णेच्या कुणीतरी तो तुकडा तिरप्या तारेनं बांधला. तारेखाली गेरू लागेना. तेव्हापासून प्रत्येक भिंतीवरच्या 'प'मध्ये एक तिरपी, केसाएवढी कोरी फट यायला लागली. मला निरोप आला, पत्रा बदला. मी म्हणालो, बघू. मला पत्रकं लिहायची होती.

सेलूकडच्या एका गावात एक गुरुजी होते. बौद्ध घरातले, त्या घरातली पहिली नोकरी त्यांची, आणि तीही हंगामी. एका रविवारी त्यांनी कापसाच्या गोदामाची भिंत रंगवली. पेटी सोबत्याबरोबर पहिल्या गाडीनं पुढं धाडली आणि हात धुवायला निघाले, तेवढ्यात गावातल्या चौघांनी धरलं. कोपरापर्यंत गेरू. तक्रार शिक्षण खात्यात गेली. तिथल्या साहेबाचं फिरतीचं काम. त्यानं सगळ्या भिंती पाहिलेल्या. तेच वळण, त्याच मापाचा काना, 'प'मध्ये तीच फट. म्हणजे माणूसही एकच! गुरुजींना नोटीस आली: शाळा सोडून जिल्हाभर भिंती रंगवत फिरता, नोकरीवरून का काढू नये ते समक्ष येऊन सांगा.

ऐकलं तसा मी त्यांच्या घरी गेलो. गुरुजी हसत होते.

"पूर्णेपासून देवगाव फाट्यापस्तोर म्या एकट्यानं रंगवलं म्हणं! मंग शाळा कवा घेतली? जेवलो कवा? सरकारनं मला एसटीचा पास तरी द्यावा."

"पास कशाला?" वहिनी चुलीपासून म्हणाल्या. "घरी बसायला पास लागत न्हाई."

मी म्हणालो, "साहेबापुढं साचे ठेवतो. कळू द्या त्याला, एक हात नाही म्हणून."

"येडा हायेस का? मोर्चा तोंडावर आलाय. पेटी गेली तर गावं कशानं लिवतील? मपलं मी बगतो."

आणि मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. चळवळीसाठीच हे, असं मी स्वतःला बजावलं. चळवळ फार सोयीची असते, तिच्यामागं अख्खा माणूस लपतो.

वहिनींनी चहा दिला. "अक्षर तुमचं लय देखणं हाय, भाऊ. वाकडं असतं तर कुणी वळखलं नसतं."

मी कप खाली ठेवून निघालो.

परत येऊन मी काय केलं? पत्रक काढलं! 'गुरुजींवरील अन्यायाचा जाहीर निषेध.' दोन्ही बाजूंनी भरलेलं, शब्दाशब्दाला आग. सरंजामी मुजोरी, जातीय सूड, सगळं होतं त्यात आणि सगळं खरंच होतं. फक्त पेटीबद्दल एक अक्षर नव्हतं. साथी म्हणाले, जबरदस्त झालंय. मी पत्रकं वाटायला एसटीनं निघालो, आणि वाटेत प्रत्येक भिंतीवरचा 'प' माझ्याकडं त्या फटीतून बघत होता. पाचदहा मिनिटांचं काम होतं ते. कात्री, पत्र्याचा तुकडा, बस्स.

चौकशीच्या दिवशी मी मानवतला उतरून पेटी मागितली. तिथला साथी भडकला.

"आन् आमी कशानं लिवावं?"

"हातानं."

"वाकडं येईल की!"

"येऊ द्या."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी पक्षच बदलला.

ऑफिसात गुरुजी टेबलापुढं उभे होते. मला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी कुणाला न विचारता शिळं वर्तमानपत्र पसरलं, 'पाहिजे'चा पत्रा ठेवला, चिंधीनं गेरू मारला. पत्रा उचलला. फट बरोब्बर आली.

साहेबानं चष्मा वर केला. "म्हणजे भिंती तू रंगवल्यास?"

"एकही नाही. साचे माझे. ज्याच्या हाती पेटी, त्याचं हे अक्षर."

साहेबानं त्या फटीवरून बोट फिरवलं. मग गुरुजींना म्हणाला, "मग तुम्ही किती रंगवल्या?"

"एक, साहेब. पण चांगली रंगवली."

नोकरी वाचली. पण बदली झाली, जिथं एसटी पोचत नाही अशा टोकाच्या शाळेवर. पेटी जप्त. बाहेर आल्यावर मला वाटलं, गुरुजी पाठीवर हात ठेवतील. ते म्हणाले, "यायचंच व्हतं तर त्या पत्रकाच्या आधी यायचं. तुपलं पत्रक साहेबाच्या टेबलावर व्हतं. ते वाचूनच त्यो चिडला व्हता." आणि चालायला लागले.

मोर्चाच्या आधी गावांनी हातानं लिहिलं. जसं आलं तसं.

नंतर मी त्यांच्या नव्या गावी गेलो. फाट्यापासून चालत. शाळेच्या वाटेवर एक भिंत होती. 'पाहिजे'चा काना झुकलेला, 'जे'ची मात्रा भलतीकडंच. माझे हात शिवशिवले. मी ते खिशात घातले.

घागर घेऊन आलेल्या वहिनी भिंतीपाशी थांबल्या. गुरुजींबद्दल मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "बगा की, भाऊ. लय वाकडं हाय ना? आता सांगा, कुणी लिवलंय?"

मी 'प'च्या पोटात फट शोधली; नव्हती.