खरं असलं तरच

"खरं हाय का? मंग लिवतो."

कानामागं ब्रश खोचलेले पेंटर रंगाचा डबा उघडायच्या आधी एवढंच विचारायचे. तुम्ही कधी कापूरहोळच्या फाट्यावरून भोरकडे वळला असाल, तर त्यांचं अक्षर तुम्ही वाचलेलं आहे. ते आमचे पेंटर, हे मी आजही छाती काढून सांगतो. त्यांना नावानं कुणी हाकच मारली नाही, म्हणून मीही पेंटरच म्हणतो.

माझं पंक्चरचं दुकान. मी म्हटलं, "लिहा, चोवीस तास सेवा."

"झोपतोस का न्हाई तू?"

"झोपतो की."

"मंग?" असं म्हणून त्यांनी रंगवलं, 'झोपलो असल्यास उठवा.' मी वैतागलो होतो. पण लोक खरंच उठवायला लागले, आता काय बोलणार!

शेजारच्या ढाबेवाल्याला 'झणझणीत मिसळ' अशी पाटी हवी होती. पेंटरांनी आधी एक प्लेट खाल्ली, कपाळावरून हात फिरवला आणि नुसतं 'मिसळ' लिहिलं. "घाम कुठं आला?" पेंटर म्हणाले. ढाबेवाला असा भडकला म्हणता! दुसऱ्या दिवशी त्यानं मूठभर तिखट जास्त टाकून पेंटरांना पुन्हा बसवलं. नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तेव्हा स्वारी खूश झाली. पण पाटीवर जागाच उरली नव्हती, म्हणून 'झणझणीत' वरच्या कोपऱ्यात बारीक बसवलं. अजून तसंच आहे, जाता-येता बघा.

स्वतःच्या दारावर त्यांची एक पाटी टांगलेली असे. एका बाजूला 'पेंटर आहेत', दुसऱ्या बाजूला 'पेंटर नाहीत'. दूध आणायला निघाले तरी उलटायचे.

"अवो, कोपऱ्यावर तर चाललाय!" त्यांच्या बायको, आमच्या काकू, करवादायच्या.

"तेवढा वेळ न्हाई ना म्या घरात?"

हा हट्ट एकदा मात्र एका म्हातारीच्या जिव्हारी लागला. तिचं गाव उंबरवाडी. धरणात गेलेलं, आणि माणसं किकवीच्या पुढं नव्या जागेवर वसवलेली. तिथं बोर्ड होता 'पुनर्वसन वसाहत'. मागच्या लग्नाचं वऱ्हाड उंबरवाडी विचारत विचारत भलतीकडेच गेलं होतं. आता हिच्या नातीचं लग्न होतं. फाट्यावर गावाचं नाव लावा म्हणायला आजींनी माझ्या दुकानावर पेंटरांना गाठलं.

पेंटर म्हणाले, "आजी, उंबरवाडी पाण्याखाली हाय. हितं लिवलं तर पाटी खोटी पडंल."

"म्हंजी आमीबी बुडालो म्हणा की," एवढं बोलून आजी निघून गेल्या. मला पेंटरांचा असा राग आला की मी त्या दिवशी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी डबे घेऊन दारात हजर. डोळे तांबारलेले. "काढ मोटारसायकल."

वसाहतीच्या तोंडाशी ते उतरले, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि जीव खाऊन ओरडले, "ओ उंबरवाडीकर!"

"ओ!" घराघरातून आवाज आला. पिठाच्या हातांनी बाया बाहेर आल्या, गोठ्यातून माणसं आली, आजी तर लुगडं सावरत धावत आल्या. एकालाही वाटलं नाही की हाक दुसऱ्या कुणाला आहे.

पेंटरांनी डोळे पुसले. "पाण्याखाली हाक मारली असती तर कोन ओ देणार हुतं? जिथनं ओ येती तिथं गाव. माजंच चुकलं, आजी."

त्यांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी अक्षरं त्या दिवशी फाट्यावर काढली: 'उंबरवाडी'. वऱ्हाड नीट मांडवात पोचलं. पंगतीत मी शेजारच्यांना सांगत सुटलो होतो, पाटी आमच्या पेंटरांची!

यंदाच्या थंडीत पेंटर गेले. तेरावा झाल्यावर काकूंना भेटायला गेलो, तर पाटी उलटी केलेली: 'पेंटर नाहीत'. काकूंनीच केली होती. तरी तोंडातून सवयीनं हाक गेली, "ओ पेंटर!"

"ओ! आले, आले!" आतून काकूंनीही सवयीनंच ओ दिली.

मी पाटी सुलटी केली. काकू दारात आल्या आणि त्यांनी पाटी वाचली.

"खरं हाय का?" त्यांनी विचारलं.

"ओ आली न्हवं, काकू?"

त्यांनी पदरानं पाटीवरची धूळ पुसली आणि ती तशीच राहू दिली.