पडेगावचा चकवा

आमच्या घरात चकवा फक्त पुरुषांना लागतो, त्यातही मोठ्या काकांना जास्त. काका वैजापूरच्या मार्केट यार्डात कांद्याचा व्यापार करतात आणि तिकडून परतताना पडेगावजवळ त्यांची वाट चुकते. तिथं चिंचेचं एक झाड होतं. त्याखाली चकवा राहायचा आणि त्यानं धरलं की माणूस तिथल्या तिथंच गोल फिरत राहायचा. रस्ता रुंद करताना ते झाड तोडलं. आता तिथं दुभाजक आहे, पांढरे दिवे आहेत, पंक्चरवाला आहे, आणि काकांच्या खिशातला मोबाईल प्रत्येक वळण बोलून सांगतो. चकव्याला त्यानं काही फरक पडलेला नाही.

इतका वेळ भरकटलेला माणूस भुकेला असेल असं वाटतं. काका जेवायला नको म्हणतात. गुरुवार कडक पाळणाऱ्या या माणसाच्या शर्टाला अशा दिवशी नान-खलियातल्या मटणाचा वास असतो. काकू शर्ट भिजत घालते. काका आम्हाला समोर बसवून सांगतात, "गाडी चालूय, रस्ता चालूय, पण फिरून फिरून तीच जागा! शेवटी चपला काढल्या अन् गप बसून राहिलो. तवा सोडलं त्यानं."

ऐकताना मलाही काटा यायचा, हे मान्य करते. माझ्या इंग्रजी शाळेतलं भूत वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये राहायचं. शाळेत मराठी बोलायला बंदी असल्यामुळं, ते समोर आलं तर ओरडायचं कुठल्या भाषेत, याचीच मला जास्त धास्ती. काकांचा चकवा निदान आपल्या बोलीतला होता.

शिक्षण संपल्यावर मला एका ऑफिसात नोकरी लागली आणि पप्पांनी स्कूटी घेऊन दिली. तिची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला असते. काकांनी पहिल्याच दिवशी त्या खिळ्याकडं बोट दाखवलं. "दिवेलागणीच्या आत घरी. एकदा जरी उशीर झाला तर किल्ली माझ्या कपाटात अन् नोकरी बंद." पप्पा मोठ्या भावापुढं बोलत नाहीत. मी तर कोणापुढंच बोलत नाही. मान हलवली.

एकदा उशीर झाला. ऑफिसातून निघाले, घराचं वळण आलं, आणि मी वळलेच नाही. दौलताबाद रस्त्यानं पुढं गेले. एका बंद पडलेल्या रसवंतीच्या ओट्यावर बसले, सँडल काढल्या, फोन बंद केला. एवढंच. दिवसभर ऑफिसात लोक, घरी लोक. तिथं कोणी नव्हतं. उठावंसं वाटलं तेव्हा अंधारून आलं होतं.

घरी आले तर सगळे हॉलमध्ये. आईचा चेहरा उतरलेला. काकू मेथी निवडत होती.

"कुठं होतीस?" काकांनी विचारलं.

खरं सांगायचं तर मी एकटी नुसती बसले होते. पण एकटी मुलगी नुसती बसली होती, यावर आमच्या घरात कोणाचा विश्वास बसला असता? त्या बसण्याशेजारी लगेच एक मुलगा बसवला असता, त्याची जातही काढली असती. मी किल्ली मुठीत घट्ट धरली आणि म्हणाले, "चकवा लागला होता."

पप्पांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"पोरींना नाय लागत," काका म्हणाले.

"का?"

काकांना मी आयुष्यात विचारलेला बहुधा हा पहिलाच प्रश्न. ते हसले. "अगं, आजकाल कुठं असतंय असलं काही? तिथं लाईटी लागल्यात! आण ती किल्ली इकडं."

काकूनं मेथीची जुडी खाली ठेवली.

"व्हय? नसतंय?" ती म्हणाली. "मग गेल्या गुरुवारी कुठं होतात तुम्ही?"

टीव्हीवर एक बाई बिनआवाजाची बातम्या देत होती. आम्ही सगळे तिच्याकडं बघत राहिलो. काका बराच वेळ मिशीवरून हात फिरवत होते.

"लागतो," शेवटी ते म्हणाले. "लागतो की. कोणालाही लागतो. पडेगावचा लई वाईट आहे." मग माझ्याकडं वळले. आवाजात आता जाणत्याचा रुबाब. "फिरून फिरून तीच जागा?"

"तीच."

"मग काय केलंस?"

"सँडल काढल्या. गप बसले."

"बघा!" काका पप्पांना म्हणाले. "पोरगी इंग्रजी शाळेतली, पण बरोबर केलं तिनं."

किल्ली खिळ्याला गेली आणि तिथंच राहिली. रविवारपर्यंत गल्लीत गोष्ट अशी झाली होती, की काकांनीच मला फोनवरून चपला काढायला सांगितल्या म्हणून मी वाचले. माझा फोन बंद होता, हे मी कोणाला सांगितलं नाही. ज्या भुतावर माझी नोकरी टिकून आहे, त्याच्यात खोट कशाला काढू?

पुढच्या आठवड्यात मी स्कूटी काढत असताना काकू फाटकाशी आली. इकडंतिकडं बघून म्हणाली, "कुठंशी गं नेमका लागतो तो? रिक्षा जाती का तिथं?"

तिच्या तोंडाकडं बघून नाही म्हणवेना. पण रसवंतीचा ओटा एकच. तिथं काकू येऊन बसली, तर मी एकटी कशी राहणार? मी तिला दुसरी जागा सांगितली, पुढच्या वळणावरच्या पाराची. सावली चांगली आहे म्हटलं.

परवा काका यार्डातून वेळेवर आले, उपाशी. गॅस थंड होता. दिवे लागून गेल्यावर काकू आली, भाजीची पिशवी रिकामीच. तिनं चपला कडेला काढल्या आणि कोणी विचारायच्या आत म्हणाली, "चकवा."

काकांनी तोंड उघडलं. माझ्याकडं बघितलं, मग काकूकडं. तोंड मिटून घेतलं आणि स्वतःच उठून माठातलं पाणी घेतलं.