करंजाच्या फुलांना चाफ्याचा वास

तापातून उठल्यावर मला वास येईनासा झाला, हे दूध करपलं तेव्हा कळलं. ओट्यापासून चार पावलांवर मी लॅपटॉप उघडून बसले होते. शेजारच्या अक्का दार वाजवत आल्या, "अगं, काय जळतंय?" तेव्हा कुठे मी उठले. पातेलं काळंठिक्कर पडलं होतं.

डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी चार-पाच गोष्टी डोळे मिटून, घाई न करता हुंगायच्या. मी नागपूरहून नोकरीसाठी आलेली, घरात एकटी. अक्का मूळच्या बेळगावकडच्या, पण जन्म इथं राजाजीनगरात गेलेला, त्यामुळे बोलण्यात मधूनच कानडी शब्द यायचे. त्यांनी ते काम आपल्याकडेच घेतलं. सकाळी मला कोपऱ्यावरच्या पार्कात नेत, बाकावर बसवत आणि नाकाशी काहीबाही धरत. कधी चुरगळलेली तुळस, कधी ओली माती.

"आला?"

"नाही हो अक्का."

"सरी. स्वल्प थांब, येईल."

महिनाभर काही आलं नाही. पण डोळे मिटून बसल्यामुळे दुसरंच काही कळायला लागलं. माती बोटांना गार लागायची, तुळशीचं पान जरा लवदार. पक्ष्याचा वाटणारा एक आवाज खारीचा आहे, हेही मला तिथंच कळलं.

मग एका सकाळी वास आला. एकदम, दाट, गोड.

"चाफा! अक्का, सोनचाफा!" मी ओरडलेच. डोळ्यांना पाणी आलं.

डोळे उघडले तर त्यांच्या तळहातावर करंजाची बारीक, जांभळट फुलं. बाकामागच्या झाडाखाली सडा पडला होता, त्यातली.

"चाफा कुठाय इथं?" त्या म्हणाल्या.

आम्ही दोघींनी अख्खा पार्क पालथा घातला, कुंपणापलीकडे वाकून पाहिलं, माळ्यालाही विचारलं. चाफ्याचं झाड नव्हतंच. अक्कांनी ती फुलं स्वतः हुंगली आणि मान हलवली. मी परत हुंगली. चाफाच.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, नाक पूर्ववत होताना असे चुकीचे वास येतात, कधीकधी मेंदू आठवणीतलाही वास पुढे करतो. "माझं यातलं काय?" मी विचारलं. ते हसले, "ते मलाही सांगता येणार नाही."

आता बरेचसे वास परतलेत. कॉफीचा येतो, पेट्रोलचा येतो. अक्कांनी फुलवालीकडून मुद्दाम सोनचाफा आणला होता. तो मी दोन दिवस हुंगत होते. काहीच नाही. करंजाखाली गेले की मात्र अजूनही चाफा येतो, भरभरून. मी हुंगते ते झाड की माझंच डोकं, मला ठरवता येत नाही. अक्का म्हणतात, छान वाटतंय ना, मग कशाला विचार करतेस. छान वाटतं, हे खरंच आहे. तरी मी फुलं मुठीत घेऊन पुन्हा पुन्हा बघते, ती करंजाचीच आहेत ना.