डांबरगोळ्यांच्या वासाचे दाखले

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात गुलामगिरी थांबवायचं काम माझ्याकडे आलं, ते मला इंग्रजी वाचता येतं आणि प्रिंटर माझ्या टेबलावर असतो म्हणून. आमचे टॉवेल घेणाऱ्या परदेशी कंपनीची मेल आली होती. तुमच्याकडे आधुनिक गुलामगिरीविरुद्ध धोरण आहे का, असेल तर भिंतीवर लावा, नसेल तर आधी करा आणि मग लावा. मी ती मराठीत वाचून दाखवली तेव्हा मालकांचं तोंड एवढंसं झालं.

"गुलामगिरी? आपल्याकडं? अगं, सकाळी गेटवर सगळ्यांना पहिला नमस्कार मीच करतो की!"

हे अगदी खरं होतं. आमचे मालक आवाज चढवत नाहीत. कुणावर नाराज झालेच तर त्याला केबिनमध्ये बसवून चहा पाजतात आणि तासभर प्रेमाने बोलतात. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या, असं बाहेर येणारा प्रत्येक जण म्हणतो.

धोरण मी लिहिलं. सात रस्ता चौकातल्या फ्लेक्सवाल्याने त्याला झेंडूची किनार लावली, वर मालकांचा हसरा फोटो टाकला आणि खाली आपल्या मनाने 'शुभेच्छुक : समस्त कामगारवर्ग' असंही घातलं. ती किनार आणि ते शुभेच्छुक काढून घ्यायला मला दोन चकरा पडल्या. फोटो काढायला मालक तयार झाले नाहीत.

मग पानंच्या पानं प्रश्नावली आली. कामगारांची मूळ कागदपत्रं तुम्ही ताब्यात ठेवता का, असा एक प्रश्न होता. मी 'नाही'वर खूण करून पुढे गेले. आपण खोटं लिहितोय असं मनालाही शिवलं नाही. ताब्यात पोलीस ठेवतात. आमच्याकडे कागद सांभाळले जायचे.

मालकांच्या केबिनमध्ये त्यासाठी एक हिरवं लोखंडी कपाट आहे. कधीकाळी नाल्याचं पाणी वस्तीत शिरून बऱ्याच जणांच्या मार्कशिटांचा लगदा झाला होता, तेव्हा मालकांच्या वडिलांनी सगळ्यांना कागद इथे आणून ठेवायला सांगितलं. तेव्हापासून कामावर येणारा प्रत्येक जण आपले दाखले तिथे देतो. प्रत्येकाचं वेगळं प्लास्टिकचं पाकीट, त्यावर नाव, आत डांबरगोळ्या. त्या गोळ्या मालकीणबाई स्वतः बदलतात. खंडेनवमीला मागांच्या बरोबरीने कपाटालाही हार चढतो. कुणाला कागद लागला तर मालक लगेच काढून देतात. फक्त आधी विचारतात, "कशाला पाहिजे?"

टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायकांमध्ये एक अक्का होती. वयाने माझ्याहून लहान, पण सगळा विभाग तिला अक्काच म्हणायचा, म्हणून मीही. एका शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, माजी बारावीची मार्कशीट आन् दाखला काडून द्या की. शेटला न सांगता."

तिच्या घरामागच्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली होती. यादीत तिचं नाव पहिलं होतं. येत्या गुरुवारी चार वाजेपर्यंत मूळ कागद दाखवायचे, नाहीतर जागा दुसरीला.

"मग मागा की शेटकडे. ते काही नाही म्हणणार नाहीत."

"न्हाय म्हनत न्हाईत, तेच की ओ! च्या पाजतील. माज्या लग्नात आले व्हते ते सांगतील, आन् मी परत मशिनीवर जाऊन बसंन."

मी म्हटलं, बघते. आणि बघितलं नाही. चावी मालकांच्या खिशात असते हे एक कारण. दुसरं म्हणजे मलाही तो चहा नको होता. सोमवारी तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी प्रिंटरमध्ये कागद अडकल्याचं नाटक केलं. त्याची अजून लाज वाटते.

बुधवारी त्या परदेशी कंपनीची तपासणी होती. त्यासाठी मी सगळ्यांची आठवडाभर तालीम घेतली होती. पाणी मिळतं का, मिळतं. सुट्टी मिळते का, मिळते. पुण्याहून आलेली तपासनीस मुलगी पोरसवदा दिसत होती, आणि आपण पास झालो, असा निकाल मी मनातल्या मनात लावून टाकला होता. तिने शिलाईच्या बायकांना गोलात बसवलं, मला दाराशी बसू दिलं. सगळं तालमीप्रमाणे चाललं होतं. मग तिने सहज विचारलं, "तुमचे दाखले, मार्कशिटा कुठे असतात?"

ह्या प्रश्नाची तालीम मी घेतली नव्हती. पण बायका अशा खुलल्या की विचारू नका. सगळ्यात ज्येष्ठ मावशी छाती पुढे काढून म्हणाल्या, "शेटच्या कपाटात! डांबरगोळ्या घालून! घरी इतकं कोन सांबाळतंय ओ?"

मुलीचा पेन थांबला. "हवे तेव्हा मिळतात?"

"व्हय की. कशाला पायजे ते सांगितलं की लगीच."

"आणि सांगायचं नसलं तर?"

अक्का खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती. मुलीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

संध्याकाळी तिने मालकांना शांतपणे सांगितलं, उद्या दुपारपर्यंत सगळ्यांचे कागद सगळ्यांना परत, कारण न विचारता. मालकांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "मी काय चोर आहे का हो?" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी.

गुरुवारी दोनला वाटप सुरू झालं. मी नाव पुकारायची, मालक पाकीट द्यायचे. अक्काची पाळी आली तेव्हा सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "कशाला..." आणि त्यांनी जीभ चावली. अक्कानेच सांगून टाकलं, "मी चाललीया शेट. अंगनवाडीत."

मालक म्हणाले, "चहा तरी घेऊन जा."

"येळ न्हाय ओ. चारच्या आत पोचायचंय."

ती पाकीट छातीशी धरून बाहेर पडली. साडेतीनला कपाट रिकामं झालं, म्हणजे जवळजवळ. खालच्या खणात एकच पाकीट उरलं. माझं. बी.कॉम.ची पदवी, तिन्ही वर्षांच्या मार्कशिटा, बारा वर्षांपूर्वी रुजू होताना दिलेल्या. मालक हसून म्हणाले, "तुझं राहू दे की. तू तर घरचीच."

आणि गुलामगिरी थांबवणारी मी म्हणाले, "हो, राहू द्या." इतकं गोड म्हणाले की मला माझीच चीड आली.

मी बाहेर आले, तर गेटपाशी अक्का अजून रिक्षाची वाट बघत उभी होती. रिक्षा आली. ती पाय आत टाकता टाकता वळली. "ताई, तुमचे घेतले का ओ?"

"घेईन सावकाश."

तिने एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं, रिक्षावाल्याला थांब म्हणून सांगितलं आणि माझं मनगट धरून मला परत आत नेलं. मी म्हणत होते, "अक्का, चार वाजतील, तुमची जागा जाईल."

"मग लवकर मागा की," ती म्हणाली आणि केबिनच्या दारात उभी राहिली.

मी मागितले.