फटफटीत करडईचं तेल

आयुष्यात मी एकच यंत्र जिवापाड सांभाळलं, आणि ते माझ्या सांभाळण्यानंच मेलं. लोक निष्काळजीपणानं वस्तू बिघडवतात. आपलं उलटं. मी काळजी घेऊन घेऊन फटफटीचा जीव घेतला.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. राज्य निजामाचं, आणि कळंबच्या पेठेत आमचं धान्याचं नि तेलाचं दुकान. तालुक्याच्या एका अंमलदाराची बदली झाली, त्याला आपली फटफटी न्यायची नव्हती. मला ती पाहिजेच होती. का, ते आज विचाराल तर धड सांगता यायचं नाही. गावात फटफटी एकच होती आणि ती माझी नव्हती, एवढं कारण तेव्हा पुरलं. वय एकवीस. त्या वयात कारणं लागत नाहीत.

गाडी माझ्याहून चारच वर्षांनी लहान. डाव्या अंगाला तिला एक डबा जोडलेला, त्यात एक माणूस ऐसपैस बसायचा. अंमलदाराचा चपराशी पिकल्या दाढीचा होता, इतकी वर्षं गाडीची देखरेख त्याच्याकडंच होती. माझ्या हवाली करताना तो म्हणाला, "मालिक, ये बुढ्ढी है. इसकू जास्ती छेडो नक्को. तेल देखो, पिलग पोछो, चलाव. बस."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, ह्या बाबानं आजवर नुसतं पुसलंय. आता बघ म्हणावं, गाडी कशी ठेवतात ते!

गाडी घरी आणल्याबरोबर मी अव्वाला शब्द देऊन बसलो. अव्वा म्हणजे माझी आई; तिचं माहेर सरहद्दीकडचं, त्यामुळं आमच्या घरात अव्वा, अप्पा, अक्का अशी कानडी नाती नांदायची. अक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, भूमला दिलेली. लग्न झाल्यापासून पंचमीला ती एकदाही माहेरी आलेली नव्हती. आमच्याकडं पंचमी म्हणजे लेकींचा सण. भाऊ मुऱ्हाळी होऊन जातो आणि बहिणीला घेऊन येतो. मुऱ्हाळी आल्याशिवाय लेक उंबरा ओलांडत नाही. पहिल्या वर्षी मी तापानं फणफणलो होतो. दुसऱ्या वर्षी वाटेतल्या ओढ्याला पूर आला आणि आमची बैलगाडी माघारी फिरली. तिसऱ्या वर्षी तिच्या घरी मयत झाली, सण धरलाच नाही. अव्वा दर वर्षी दारातल्या लिंबाला झोका बांधायची, आणि सण झाला की मुकाट्यानं सोडायची. शेजारच्या पोरींना त्यावर बसू द्यायची नाही.

त्या वर्षी अक्काच्या सासूबाईंचा निरोप आला. खुरपणीचे दिवस आहेत, तरी पंचमीच्या आदल्या दिवशी मुऱ्हाळी धाडा, पोरगीला चार दिवस लावून देते. बाई वाईट नव्हती. शेत मोठं आणि हात कमी, एवढंच.

अप्पा म्हणाले, "मोटारीनं जा, मोटारीनं आण. दुपारी तीनला भूमहून सुटते. सणाच्या दिवशी बंद असते, ध्यानात ठेव."

"मोटारीनं कोण बी आणील," मी म्हणालो. "मी फटफटीवर आणतो. अक्का डब्यात बसंल. दुपारच्या आत भूम, दिवस मावळायच्या आत घर."

अव्वानं माझ्या तोंडाकडं बघितलं. "व्हय रं, नक्की आणतोस न्हवं?"

"आणली म्हणून समज!" मी म्हणालो, आणि तसं पत्रही भूमला धाडलं.

मग मी कामाला लागलो. पंचमीला महिना होता. गाडी वाटेत अडू नये म्हणून आधीच सगळी खबरदारी घ्यायची, असं मी ठरवलं. बेत काही वाईट नव्हता. वाईट एवढंच होतं की मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मला बैल कळायचे, गाडीची चाकं कळायची, तेल कळायचं. तेवढ्या अकलेवर मी इंजनाला हात घातला.

रोज सकाळी पाना घेऊन एकूण एक नट आवळायचा. काल आवळलेला आज परत. पंधरा दिवसांत चार नटांचे आटे गेले. ते लोहाराकडून नवे करून घेतले आणि तेही आवळले. प्लग चिंचेनं आणि राखेनं घासला. देवाच्या समईला एवढी चकाकी नव्हती. चेन काढून उन्हात वाळवली. का वाळवली? चिकट होती म्हणून! ती चिकटच असावी लागते, हे मला कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. आणि सोमवारी गाडी बाहेर काढायची नाही. आमच्या घरात सोमवारी बैल जुंपत नसत, त्या दिवशी नंदीला विसावा. मग ही तरी काय वेगळी? अप्पा गालातल्या गालात हसले, तेव्हा बैलाला जे लागू ते हिलाही लागू, असं मी ठणकावून सांगितलं.

खरी अक्कल मी तेलात पाजळली. इंजनातलं तेल काळंकुट्ट झालं होतं. अंमलदारानं सोबत एक डबाही दिला होता, त्यातलं तेल दाट, वास उग्र. ह्यात जनावराची चरबी असते, असं मला पेठेत कुणीसं म्हणालं. झालं! आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि माझी बहीण चरबीवर चालणाऱ्या गाडीत बसून माहेरी येणार? अप्पा म्हणाले, तो डबा आधी घराबाहेर ठेव. मी बाहेर ठेवला नाही, पार ओतूनच टाकला. इंजनातलं तेलही शेवटच्या थेंबापर्यंत काढलं. आणि दुकानातलं, घाण्यावरचं, ताजं, कपड्यानं गाळलेलं करडईचं तेल त्यात भरलं. गिऱ्हाईकाला देतो त्याहून सरस तेल. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की दोन वेळा गाळलं.

हे शनिवारी. रविवारी पेठेतनं दोन फेऱ्या मारल्या. गाडी झकास चालली, फक्त मागं भज्यांचा वास सुटायचा. हलवायाच्या दुकानासमोरची माणसं मान वर करून बघायची. कुत्री तर वेशीपर्यंत आली.

त्याच दिवशी मोटा शिवणारे एक म्हातारे दुकानात आले होते. विहिरीवरची कातड्याची मोट ते तेल चोळून पक्की करायचे. गाडीजवळ उभं राहून त्यांनी नाक वर केलं.

"मालक, ह्यो वास माझ्या वळखीचा हाय," ते म्हणाले. "करडईचं हाय न्हवं? आमी मोटंला लावायला आसंच कढवतो. कढलं की घट हुतंय, गार झालं की चिकाटा धरतंय. निघता निघत न्हाय."

"बाबा, तुम्ही मोटेचं बघा," मी म्हणालो, "इंजनाचं मी बघतो."

त्यांनी आपलं तेल घेतलं आणि गेले. चाळीस वर्षं ज्यांचे हात त्या तेलात गेले, त्यांना मी महिनाभर पाना धरल्याच्या जोरावर शहाणपण शिकवलं. आठवलं की आजही कान तापतात.

सोमवारी विसावा. मंगळवारी, पंचमीच्या आदल्या दिवशी, उजाडताच मी नवं धोतर नेसून, फेटा बांधून तयार. किक मारली, ती हललीच नाही. परत मारली. तिसऱ्यांदा अख्खा उभा राहिलो तिच्यावर. "एवढी जड का झाली रे?" अप्पांनी विचारलं. मी म्हणालो, "आता इंजनात ताकद आलीय." खोटं नाही सांगत, मला तसं खरंच वाटलं होतं! शेवटी शेजारच्या दोघांनी ढकलली तेव्हा एकदाची फटफटली. अव्वानं गाडीच्या दिव्याला कुंकू लावलं, डब्यात अक्कासाठी नवी उशी ठेवली.

येरमाळा मागं टाकला तोवर मी हवेतच होतो. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती आणि ती बघतायत का, हे मी बघत होतो. मग एक चढ आला. गाडी धापा टाकत चढली. वर एक मोठं वडाचं झाड होतं. बैलाला अशा जागी सोडतात, पाणी दाखवतात, जरा दम खाऊ देतात. मी काय केलं असेल, सांगायला नको. गाडी बंद करून तिला सावलीत विसावा दिला. स्वतः भाकरी खाल्ली. तासभर निवांत.

उठून किक मारली तर ती दगडात गाडल्यासारखी. आत काय झालं होतं ते मला महिन्यानं कळलं. सोलापूरहून आणलेल्या मिस्त्रीनं इंजन उघडून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "तेल कुठंय? ह्यात तर डिंक भरलाय." पण त्या दिवशी मला वाटलं, कुठला तरी नट ढिला असणार. म्हणून पाना काढला.

दहाचा सुमार असेल. शेजारच्या रानात एक शेतकरी होता, तो बांधावर येऊन उभा राहिला. कुठं चाललात, विचारलं. मी सांगितलं.

"मग हितं काय करताय?" तो म्हणाला. "भूम चार कोस हाय. पाय उचला. गाडी ऱ्हाऊ द्या, म्या हाय की. तीनच्या आत पोचताल, बहिणीला मोटारीत घाला आन् जावा घरी."

त्यानं माझं सगळं काम चार वाक्यांत करून दिलं होतं. आणि मी? मी पत्रात लिहिलं होतं की फटफटीवर येतो. सासरची माणसं दारात उभी असतील, आणि हा मुऱ्हाळी धुळीनं भरलेल्या पायांनी, तेलकट धोतरात, चालत यायचा? म्हणालो, "हिला एकटी टाकून कुठं जाऊ? लोक भाग काढून नेतील." शेतकऱ्यानं मुंडाशात बोट घालून डोकं खाजवलं आणि तो परत रानात गेला.

मी नट खोलत बसलो. खोलला, पुसला, आवळला. परत खोलला. दर वेळी वाटायचं, आता चालू होईल. सावली माझ्यावरून सरकून पलीकडं गेली, तेव्हा कुठं मी त्या माणसाला हाक मारली. त्यानं बैल आणले, फटफटीला दोर बांधला आणि निघालो. मी वर बसून हँडल धरलेलं, पुढं बैल, शेजारी रिकामा डबा आणि त्यात नवी उशी. निम्म्या वाटेत समोरनं मोटार आली. आम्हाला बाजूला व्हायला लावून, धूळ उडवत कळंबकडं गेली.

भूमला पोचलो तेव्हा दिवस बुडत होता. वेशीतनं घरापर्यंत पोरंठोरं, बायामाणसं मागं. बैलांनी ओढलेली फटफटी त्या गावानं आधी बघितली नव्हती, नंतरही बघितली नसेल. कुणीतरी विचारलं, "पेरणीला आणलीय का?" सगळे हसले. मीही हसलो. अजूनही हे मी कुणाला सांगितलं की इथवर येऊन लोक पोट धरून हसतात, आणि मी त्यांना हसू देतो.

अक्का सोप्यात बसली होती. इरकल नेसलेली, डोईला फूल, शेजारी गाठोडं बांधलेलं. मला बघून उठली.

सासूबाई म्हणाल्या, "लई वाट बघितली बाबा. मोटार बी अर्धा घंटा थांबवली हुती, तू चालत आलास तर म्हणून. आता उद्या सण, गाडीघोडं न्हाय. परवापास्नं खुरपणी. ह्या साली हितंच करू दे पंचमी." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं.

अक्का मला मोरीवर घेऊन गेली. हाताला ते चिकट तेल कोपरापर्यंत लागलेलं. तिनं राख दिली आणि तांब्यानं पाणी घालायला लागली. निघत नव्हतं.

"कुठं बंद पडली?" तिनं विचारलं.

"चढावरच्या वडापाशी."

"कवा?"

"दहा वाजता."

तिनं पाणी घालणं थांबवलं. "मग चालत का न्हाय आलास रं?"

मी म्हणालो, "गाडी एकटी टाकून कसं यायचं, अक्का?"

ती माझ्याकडं बघत राहिली. "व्हय," म्हणाली, "गाडी कशी टाकायची." आणि तांब्या भरून आणायला आत गेली.

मी हात पुढं करून बसलो होतो. बऱ्याच वेळानं भरलेला तांब्या घेऊन बाहेर आल्या त्या सासूबाई.